नववी जागा

निकालाच्या दिवशी दुपारी बारा वाजेपर्यंत कवळीवाले अगदी निर्धास्त होते. सकाळपासून ते आपल्या कामाच्या खोलीत एका खालच्या कवळीच्या मेणात दात बसवत होते, आणि शेजारच्या शिंप्याचा रेडिओ भिंतीपलीकडून बडबडत होता. आपण या निवडणुकीत उभे आहोत हे त्यांच्या लक्षात होतं, पण लांबच्या नात्यातल्या कुणाच्या लग्नाची तारीख लक्षात असावी तसं.

उभे कसे राहिले, तेही सांगायला हवं. त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पक्षाचा प्रांताचा सेक्रेटरी होता. निवडणूक देशाची, या प्रांतातून नऊ खासदार जायचे, आणि नऊही ठिकाणी माणसं उभी करायचीच असा वरून हुकूम होता. आठ मिळाली. नववी जागा या शहराची. इथून मंत्रिसाहेब लागोपाठ पाच वेळा निवडून आले होते, त्यामुळं त्यांच्यासमोर उभं राहायला कुणी धजेना. एक डॉक्टरीणबाई कशाबशा तयार झाल्या होत्या, त्यांनीही अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी अंग काढून घेतलं. दुपारी साडेतीनला मेव्हणा घामाघूम होऊन बहिणीच्या घरी आला, तिनं पुढं केलेलं पाणी उभ्याउभ्या प्यायला आणि तडक कामाच्या खोलीत शिरला.

"भाऊजी, एक सही पाहिजे."

कवळीवाल्यांचे हात मनगटापर्यंत प्लास्टरनं माखले होते. कशावर सही, ते ऐकल्यावर ते म्हणाले, "अरे, मला चार माणसांत बोलता येत नाही."

"बोलायचंय कुणाला? सभा नाही, प्रचार नाही. फक्त नाव. मंत्रिसाहेबांपुढं तुम्हीच काय, मी उभा राहिलो तरी आपटणार. पाचच्या आत अर्ज गेला नाही तर माझी नोकरी जाईल, एवढं बघा."

कवळीवाल्यांनी तीन बोटं फडक्याला पुसली आणि सही केली. खरं म्हणजे बोलायला लागू नये म्हणूनच त्यांनी हा धंदा धरला होता. समोरचं माणूस आ वासून बसलेलं, त्याला बोलता येत नाही. आणि त्याच्या तोंडात माप असेपर्यंत आपणही बोलायची गरज नाही. तीस वर्षं त्यांनी या सोयीत सुखानं काढली होती. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं त्यांना आतून पाठ होती, पण त्यांच्या घरात काय चाललंय ते विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मतदानाच्या दिवशी ते रांगेत उभे राहिले, पडद्याआड गेले, मतपत्रिकेवर स्वतःचं नाव पाहून त्यांना कसंनुसं झालं, आणि त्यांनी मंत्रिसाहेबांच्या नावापुढं शिक्का मारला. खबरदारी म्हणून. घरी येऊन हे कुणाला सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र ना त्यांनी हिशेबात धरली होती, ना मेव्हण्यानं. मतदानाच्या तीन आठवडे आधी सरकारनं जाहीर केलं की प्रांतातला रेल्वेचा कारखाना बंद करून दुसरीकडं नेणार. या प्रांतात दर दोन घरांआड एका घरातलं कुणी ना कुणी त्या कारखान्यात होतं. आणि मंत्रिसाहेब त्याच सरकारात.

बाराच्या बातम्यांत रेडिओ म्हणाला की देशभर दोन्ही बाजू बरोबरीत चालल्या आहेत, पण या एका प्रांतात वारं भलतंच फिरलंय. नऊपैकी सहा जागांवर विरोधक पुढं. एक वाजता सहाच्या सात झाल्या. त्याच सुमाराला पोस्टमास्तरीणबाई आल्या. त्या नोकरीतून निवृत्त झाल्या त्याला बारा वर्षं झाली होती, पण त्यांना सगळे अजून त्याच नावानं हाक मारत. मेणात बसवलेली ती कवळी त्यांचीच. तोंडात घालून बघायला त्या आल्या होत्या. दात नसलेल्या माणसाचं बोलणं कवळीवाल्यांना चटकन कळे, त्यामुळं बाई काय म्हणाल्या ते त्यांना नीट समजलं, पण पटेना.

"काय म्हणालात?"

"तुम्ही पुढं आहात म्हटलं. नऊशेनं. चौकात फळ्यावर लिहिलंय."

कवळीवाल्यांनी कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि म्हणाले, "दात मिटा." बाईंनी दात मिटले होते, तरी त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

तीनपर्यंत गल्ली माणसांनी भरली. पाळी सोडून आलेले कारखान्यातले कामगार, त्यांच्या बायका, आणि निवडणूक म्हटलं की कुठंही गोळा होणारे रिकामटेकडे. कुणीतरी खिडकीच्या गजांतून आत डोकावून म्हणालं, "साहेब कामच करतायत अजून. याला म्हणतात माणूस." कवळीवाल्यांनी खिडकी लावून घेतली. मग दाराला आतून कडी घातली. पोस्टमास्तरीणबाई आतच अडकल्या. त्या शांतपणे बाकावर बसून राहिल्या. मागच्या दारानं निसटावं म्हणून कवळीवाले परसात गेले, तर कुंपणाच्या भिंतीवर पाच-सहा जण पाय सोडून बसलेले.

"इकडूनही आहोत आम्ही, काळजी करू नका," त्यातला एक म्हणाला.

ते परत आत आले. बायको मधल्या दारात उभी होती. तिनं चांगलं लुगडं नेसलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिच्याकडं बघवेना. ती आनंदात होती.

"अजून शेवटची फेरी बाकी आहे," ते म्हणाले. "मंत्रिसाहेबांची वस्ती त्या फेरीत आहे."

"हो," बायको म्हणाली. "पण तुम्ही जेवून घ्या."

शेवटच्या फेरीत नऊशेचे दोनशे चौदा झाले आणि तिथंच थांबले. साडेपाचला रेडिओनं सांगितलं की प्रांतातल्या नऊच्या नऊ जागा विरोधकांनी जिंकल्या, आणि नवव्या जागेवर मंत्र्यांचा पराभव करणाऱ्या उमेदवाराचा व्यवसाय दंतवैद्य. "दंतवैद्य नाही," कवळीवाले भिंतीकडं बघून म्हणाले. पण गल्लीत इतका कल्लोळ उठला होता की ते त्यांनाही ऐकू आलं नाही.

मेव्हणा सहाला आला, गर्दीनं त्याला जवळजवळ उचलूनच आत सोडला. त्याचा आवाज बसला होता.

"मी राजीनामा देतो," कवळीवाले म्हणाले. "लिही तू, मी सही करतो. सहीच तर लागते."

मेव्हणा बाकावर बसला. पोस्टमास्तरीणबाईंना त्यानं नमस्कार केला, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, देशाचा निकाल ऐकलात? त्यांचे दोनशे एकवीस. आपले दोनशे बावीस."

"बरं मग?"

"मग तो दोनशे बाविसावा कोण, सांगा."

कवळीवाल्यांनी फडकं उचललं आणि पुसलेलीच बोटं पुन्हा पुसायला घेतली.

"तुम्ही उठलात तर बरोबरी. बरोबरी झाली की शेवटचं मत सभापतीचं, आणि सभापती त्यांचा. मग सरकार त्यांचं, आणि कारखाना गेला. बाहेर उभे आहेत त्यांना सांगा हे. दार उघडू?"

दार कुणी उघडलं नाही. अर्ध्या तासानं त्याच दारातून मेव्हण्यानं त्यांना गाडीत घातलं. अंगावरचा कामाचा झगा काढायचंही राहून गेलं. नवे खासदार फुटू नयेत म्हणून प्रांतातल्या नऊही जणांना लोकसभा भरेपर्यंत, म्हणजे आठ दिवस, शहराबाहेरच्या एका विश्रामगृहात ठेवायचं ठरलं होतं.

विश्रामगृह चांगलं होतं, तेवढं कबूल करायला हवं. गाद्या जाड, चादरी पांढऱ्या, जेवण वेळेवर. फाटक मात्र दिवसाही बंद. गेल्या गेल्या एका कार्यकर्त्यानं बिस्किटांचा रिकामा डबा फिरवला आणि सगळ्यांचे फोन त्यात गोळा केले. कवळीवाल्यांच्या खोलीत एक वकीलसाहेब होते, तिसऱ्यांदा निवडून आलेले. ते आरशासमोर उभे राहून भाषणाची तालीम करत, आणि मधेच वळून विचारत, "इथं 'बंधूंनो' म्हणू, की थेट मुद्द्यावर येऊ?"

"थेट या," कवळीवाले म्हणत. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, केस विंचरून ते फाटकापाशी गेले. तिथं एक धिप्पाड पण फार अदबीचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. तो उठून उभा राहिला.

"साहेब, काय पाहिजे ते सांगा. दहा मिनिटांत आणून देतो."

"घरी जायचंय."

"ते सोडून काही सांगा."

कवळीवाले तिथंच उभे राहिले. फाटकाबाहेरचा रस्ता सरळ होता, आणि त्यावरून एक बाई सायकलवर भाजीची पिशवी लटकवून चालली होती. ती वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहिले. फाटकावरचा माणूसही मान वळवून तिकडंच बघू लागला, कारण साहेब काय बघतात ते त्याला कळेना.

"माझी हत्यारांची पेटी तरी आणा," शेवटी ते म्हणाले. "आणि टेबलावर एक कवळी आहे, मेणातली. फडक्यात गुंडाळून आणा. उन्हात ठेवू नका."

पेटी आली. पुढचे दोन दिवस कवळीवाले स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून पोस्टमास्तरीणबाईंचे दात पुरे करत होते. आचाऱ्यानं त्यांना एक शेगडी आणि एक पातेलं दिलं, आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही असं बजावून सगळ्यांना सांगितलं. त्या दोन दिवसांत कवळीवाल्यांना श्वास घेता आला. कवळी घासून गुळगुळीत झाली, पाण्यात घालून ठेवली, आणि हातांना काही काम उरलं नाही तेव्हा ते पुन्हा फाटकाकडं बघत बसले.

चौथ्या दिवशी बायकोला भेटायची परवानगी मिळाली. अर्धा तास, व्हरांड्यात; कार्यकर्ता दहा पावलांवर पेपर उघडून बसलेला. तिनं कपडे आणले होते, चष्म्याचं जुनं घर आणलं होतं. दोघं वेताच्या खुर्च्यांवर पाहुण्यांसारखी बसली.

"वाळलात," ती म्हणाली.

"चार दिवसांत कुणी वाळतं का?"

"चेहरा वाळलाय म्हटलं."

मग कवळीवाल्यांना वाटलं, सगळं जगच आपल्याशी खोटं वागतंय, निदान इथं तरी आपण खरं बोलावं. ते म्हणाले, "एक सांगू? मी माझं मत मला दिलंच नाही. मंत्रिसाहेबांना दिलं."

बायको हसेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती हसली नाही. तिनं चष्म्याचं घर उघडलं, मिटलं.

"मी तुमचं नाव तिथं पाच वेळा वाचलं," ती म्हणाली. "छापलेलं. मला बाहेर यावंसंच वाटेना. मागची बाई ओरडली तेव्हा शिक्का मारला."

"अगं, पण मला व्हायचंच नव्हतं—"

"ते मला नाही कळलं. तुम्ही सही केलीत ना? मला वाटलं, तुम्हाला आतून हवंय, पण बोलायचं होत नाही. तुमचं नेहमीच तसं असतं. मग म्हटलं, आपण बोलावं." ती थांबली. "मी फिरले."

"कुठं फिरलीस?"

"तुम्ही दुपारी झोपायचात तेव्हा. तुमच्या वहीत सगळ्यांचे पत्ते आहेत. ज्यांना ज्यांना कवळ्या करून दिल्यात त्यांच्याकडं. रोज पाच-सहा घरं. मी म्हटलं, यांनी तुम्हाला घास चावता येईल असं केलं, एक मत द्या. कारखाना वगैरे मला काही सांगता आलं नाही. पोस्टमास्तरीणबाई तर माझ्याबरोबर दोन गल्ल्या हिंडल्या."

कवळीवाल्यांनी मनातल्या मनात घरं मोजायला सुरुवात केली. मग थांबले. मोजून काय करायचं होतं? समोर बसलेल्या या बाईवर रागवावं म्हटलं तर राग कुठून आणायचा, तेच कळेना. तिनं त्यांना तिच्या मते हवं ते मिळवून दिलं होतं, भर उन्हात, घरोघर हिंडून. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि या फाटकाच्या आत त्यांना कुणी ढकललं असेल तर ते तिनं, तेही लाडानं.

"तू इतकी बोलतेस?" एवढंच त्यांनी विचारलं. "अनोळखी लोकांशी?"

"अनोळखी कुठले? तुमच्याकडं येतात तेव्हा बाहेरच्या बाकावर माझ्याशीच तर बोलतात. आत आल्यावर त्यांचं तोंड बंद होतं."

"मग तूच का नाही उभी राहिलीस?"

बायकोनं दहा पावलांवरच्या पेपरकडं एकदा बघितलं. "माझ्या भावाला त्या दिवशी कुणीही चाललं असतं," ती म्हणाली. "पाणी मीच दिलं त्याला. त्यानं पेला परत दिला आणि विचारलं, भाऊजी आहेत का आत?"

अर्धा तास संपला. कवळीवाल्यांनी फडक्यातली कवळी तिच्या हातात दिली, कशी बसवायची ते सांगितलं, टोचलं तर कुठं घासायचं तेही सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. जाताना तिनं त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली, पण वर बघितलं नाही. आपण हिला दुखावलं आहे, आणि ते चार शब्दांत भरून येणार नाही, एवढं त्यांना कळलं. चार शब्दही त्यांच्याकडं नव्हते. फाटक उघडलं, ती बाहेर गेली, फाटक लागलं.

आठव्या दिवशी नऊ जणांना बसमधून स्टेशनवर आणि तिथून राजधानीला नेलं. डब्याच्या दोन्ही दारांशी माणसं होती. शपथ घेताना कवळीवाल्यांची जीभ दोनदा अडखळली, पण शपथ लेखी होती आणि वाचून दाखवायची होती, त्यामुळं पार पडली. विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी एकेकाचं नाव पुकारून मत विचारत होते. समोरच्या बाजूला दोनशे एकवीस माणसं त्यांच्याचकडं टक लावून बघत होती, आणि स्वतःच्या बाजूची दोनशे एकवीस त्याहूनही जास्त. कवळीवाल्यांना क्षणभर वाटलं की आत्ता, या एका घटकेला, फाटक उघडं आहे. 'नाही' म्हटलं की झालं. पण बंद खिडकीतून ऐकलेला तो कल्लोळ त्यांना आठवला, आणि भर उन्हात कुठल्याशा दारात उभं राहून बोलणारी बायको दिसली, जी त्यांनी प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती.

"हो," ते म्हणाले.

सरकार एका मतानं आलं. मेव्हण्यानं त्यांना मिठी मारली. तो खरोखरच रडत होता. कारखाना जागेवर राहणार असं दुसऱ्याच दिवशी जाहीर झालं.

"आता मी घरी जातो," कवळीवाले म्हणाले.

"जायचंच की, भाऊजी. पण एका मताचं सरकार आहे. अधिवेशन चालू असताना तुम्हाला हलता येणार नाही. ताप आला तरी येऊन बसायचं. मी शेजारच्याच खोलीत आहे, उठवायला येत जाईन."

"आणि हे असं किती दिवस?"

मेव्हणा थोडा ओशाळला. "मुदत पाच वर्षांची असते," तो म्हणाला.

खासदारांच्या वसतिगृहात त्यांना दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. एक पलंग, एक टेबल, भिंतीत एक खिडकी, आणि त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची तशीच खिडकी. तिथं ते रोज संध्याकाळी परत येत आणि बूट न काढता पलंगाच्या कडेला बसत. फोन परत मिळाला होता, पण बायको त्यावर दोन-तीन वाक्यांपलीकडं बोलत नसे. जेवलात का, झोप लागते का, ठेवते.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी फोन तिचाच आला, आणि तिनं जेवणाचं विचारलं नाही.

"घरी माणसं येतायत," ती म्हणाली. "कवळीसाठी नाही. तुमच्यासाठी. आज अकरा जण होते. मी बाकावर बसवते आणि ऐकून घेते."

"त्यांना सांग, मी काही करू शकत नाही."

"असं कसं सांगू? एका बाईच्या नवऱ्याचं पेन्शन दोन वर्षं अडकलंय. कागद तिकडच्याच ऑफिसात आहे, मी बघितला. नदीपलीकडच्या शाळेचं छप्पर गेलंय, मुलं व्हरांड्यात बसतात. तिथं मी काल जाऊन आले."

"तू जाऊन आलीस?"

"मग कोण जाणार? तुम्ही तिथं अडकलेले." तिच्या आवाजात राग अजून होता, पण आता तो घाईत होता; त्याला दुसरी कामं होती. "त्या लोकांसमोर तुम्हाला बोलता येत नाही ना?"

"नाही."

"मग बोलू नका. मी सांगते ते कागदावर लिहा, आणि उद्या ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवा. तो घेईपर्यंत तिथंच उभे राहा. उभं राहायला तर येतं?"

"येतं," कवळीवाले म्हणाले.

त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत सरकारी शिक्क्याचा कोरा कागद होता, वीसेक पानं, आतापर्यंत हात न लावलेली. समोरच्या खिडकीत दुसरा कुणी खासदार बनियनवर येरझाऱ्या घालत होता. कवळीवाल्यांनी पडदा ओढला, फोन खांद्याशी धरला, आणि पेनाचं टोपण दातानं काढलं.

"हं, सांग," ते म्हणाले.

"आधी पेन्शनचं," बायको म्हणाली. "नाव नीट लिहा, मी सावकाश सांगते."